भुईआवळी आणि कावीळ: एका कडू पाल्याची रासायनिक बाजू

मृगाचा पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की परसात, शेताच्या बांधावर, फरशीच्या फटीत आणि शहरातल्या गच्चीवरच्या कुंड्यांमध्येसुद्धा एक वीत-दीड वीत उंचीचे नाजूक रोप कुणी न लावता उगवून येते. त्याची बारीक पाने चिंचेच्या पाल्यासारखी दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली असतात आणि संध्याकाळ झाली की मिटतात. वरून पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पण एक डहाळी हळूच उलटी केली, तर खालच्या बाजूला मोहरीपेक्षा जराशी मोठी, हिरवी, गोल फळे एका रांगेत लोंबताना दिसतात. प्रत्येक फळात तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन बिया असतात. आवळ्याच्या आठळीतही हाच तीन कप्प्यांचा आणि सहा बियांचा हिशेब असतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ही दोन्ही झाडे ‘फायलँथस’ या एकाच प्रजातीतली आहेत. आपल्या लोकांनी तिला भुईआवळी हे नाव दिले ते तिच्या रूपाकडे बारकाईने पाहूनच दिले असणार, असे मला वाटते.

भुईआवळीचा उल्लेख आयुर्वेदात भूम्यामलकी आणि तामलकी या नावांनी येतो, आणि महाराष्ट्रात तिचे नाव निघते ते मुख्यतः काविळीच्या संदर्भात. समूळ रोप धुऊन, वाटून ताकातून किंवा दुधातून द्यायचे, ही रीत अनेक घरांत ठाऊक असते. या झाडावर गेल्या ऐंशी वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी, विषाणूशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी इतके काम केले आहे की, ‘वनस्पतीत औषधी घटक आहेत’ या सहज बोलल्या जाणाऱ्या वाक्यापासून ‘ही वनस्पती अमुक आजारावरचे औषध आहे’ या वाक्यापर्यंतची वाट किती लांब असते, हे समजून घ्यायला भुईआवळीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या वाटेवरचा पहिला अडथळा नावाचा आहे. अनेक वर्षे भारतीय पुस्तकांत आणि शोधनिबंधांत भुईआवळीचे शास्त्रीय नाव ‘फायलँथस निरुरी’ असे छापले जात असे. १९८५ साली मित्रा आणि जैन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, खरी ‘निरुरी’ ही अमेरिका खंडातली वनस्पती असून भारतात त्या नावाखाली ‘फायलँथस अमारस’, ‘फायलँथस फ्रॅटर्नस’ आणि ‘फायलँथस डेबिलिस’ अशा तीन वेगवेगळ्या जाती एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. यांतली अमारस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘कडू’, ही औषधासाठी सर्वांत जास्त अभ्यासलेली जात होय. अमारसच्या फुलाला साधारणपणे पाच पाकळ्यांसारखी दले असतात, तर फ्रॅटर्नसला सहा. फूल इतके लहान असते की ही दले मोजायला भिंग लागते. अमारसच्या बीच्या पाठीवर पाच-सहा उभ्या रेघा दिसतात, तर ‘युरिनेरिया’ या तिच्या लालसर झाक असलेल्या बहिणीच्या बीवर आडव्या वळ्या असतात आणि तिची फळे खरखरीत असून डहाळीला अगदी चिकटून बसलेली असतात.

हा केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आवडीचा बारकावा नाही. दक्षिण भारतातल्या दुकानांतून विकत घेतलेल्या सुक्या भुईआवळीची डीएनएच्या आधारे तपासणी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश नमुन्यांत प्रामुख्याने अमारस होती आणि उरलेल्यांत तिच्या इतर बहिणी निघाल्या. सुकून चुरा झालेला पाला डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. रासायनिक दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक असतो, कारण जो घटक भुईआवळीची ओळख मानला जातो, तो या बहिणींमध्ये अगदी अत्यल्प असतो किंवा नसतोच.

हा घटक म्हणजे फायलँथिन. भुईआवळीचे पान चावले की जो कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, तो मुख्यतः त्याचाच. १९४६ साली कृष्णमूर्ती आणि शेषाद्री या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या झाडातले कडू तत्त्व म्हणून फायलँथिनचे वर्णन केले. त्याच्या सोबतीला असणारे हायपोफायलँथिन हे त्याचे जवळचे भावंड मात्र कडू नाही. ही दोन्ही द्रव्ये ‘लिग्नॅन’ या गटात मोडतात. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन ज्या विटांपासून बनते, तशाच दोन विटा झाडाने एकमेकींना जोडल्या की लिग्नॅन तयार होतो, अशी ढोबळ कल्पना करायला हरकत नाही. फायलँथिनच्या एका रेणूत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ३४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, आणि हे सहाही ऑक्सिजन अणू मिथॉक्सी नावाच्या गटांत गुंतलेले असतात. पाण्याशी हातमिळवणी करायला रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या मोकळ्या जोड्या असाव्या लागतात आणि फायलँथिनवर तशी एकही जोडी नसते. त्यामुळे ते पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये किंवा तेलकट द्रावणात मात्र सहज उतरते. पानांत फायलँथिन सुमारे ०.७ टक्के आणि हायपोफायलँथिन सुमारे ०.३ टक्के आढळले आहे, तर खोडात त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. म्हणजे शंभर ग्रॅम सुक्या पानांत जास्तीत जास्त पाऊण ग्रॅमच्या आसपास फायलँथिन मिळते, आणि जाड खोडांचा भरणा असलेल्या पुडीत त्याहूनही पुष्कळ कमी.

दुसरा मोठा गट टॅनिनांचा आहे. हिरड्यात, डाळिंबाच्या सालीत आणि आवळ्यात जो तुरटपणा असतो, तो याच गटाचा. भुईआवळीतले प्रमुख टॅनिन जेरानिन हे असून त्याच्याबरोबर कोरिलॅजिन, अमारीन आणि काही इतर द्रव्ये असतात. जेरानिनचा रेणू फायलँथिनच्या दुपटीहून अधिक वजनाचा आहे. त्याच्या मध्यभागी ग्लुकोजची एक कडी आणि तिच्याभोवती गॅलिक आम्लापासून बनलेले अनेक तुकडे लटकवलेले, अशी त्याची रचना असते. त्यावर मोकळ्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोड्यांची गर्दी असल्याने ते पाण्यात उत्तम विरघळते. हे घरीही पाहता येते. भुईआवळीचा पाला स्टीलच्या पातेल्यात उकळला तर पाणी पिवळट-तपकिरी होते, आणि तोच पाला लोखंडी कढईत उकळला तर पाणी थोड्याच वेळात शाईसारखे काळपट पडते, कारण टॅनिन लोहाशी जोडले गेले की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि लोहक्षार यांपासून शाई बनवत, तिच्यामागची रासायनिक क्रिया हीच होती. जेरानिन असे लोहाला धरून बसते म्हणून काढा लोखंडाच्या भांड्यात करू नये, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर टॅनिनयुक्त काढा त्यांच्याबरोबर घेऊ नये.

याखेरीज भुईआवळीत क्वेर्सेटिन, रुटिन यांसारखी फ्लेव्होनॉइडे आहेत, जी कांद्यापासून चहापर्यंत अनेक ठिकाणी सापडतात, आणि सेक्युरिनिनच्या कुळातली थोडी अल्कलॉइडेही आहेत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते, जी घरगुती औषधांच्या चर्चेत फार क्वचित बोलली जाते. भुईआवळीचा काढा, तिचा ताजा रस, ताकातून घेतलेला वाटलेला लगदा आणि कारखान्यात काढलेला अल्कोहोलचा अर्क ही रासायनिकदृष्ट्या चार वेगळी औषधे आहेत. काढ्यात टॅनिने भरपूर उतरतात आणि लिग्नॅने बहुतांशी चोथ्यात राहतात. काढा बराच वेळ उकळत ठेवला तर जेरानिन स्वतःच फुटून कोरिलॅजिन, गॅलिक आम्ल आणि एलॅजिक आम्ल अशा लहान तुकड्यांत विभागले जाते. अल्कोहोलच्या अर्कात लिग्नॅने चांगली उतरतात. अख्खे रोप वाटून पोटात घेतले तर सगळेच जाते. त्यामुळे एका प्रयोगशाळेने अल्कोहोलच्या अर्कावर मिळवलेला निष्कर्ष घरच्या काढ्याला लावणे म्हणजे एका गावच्या विहिरीचे पाणी तपासून दुसऱ्या गावच्या विहिरीला दाखला देण्यासारखे आहे.

पोटात गेल्यावरही रसायने जशीच्या तशी राहत नाहीत. जेरानिनसारखा अवजड रेणू आतड्याच्या भिंतीतून अखंड रक्तात जाण्याचे प्रमाण अगदी नगण्य असते. आतड्यातले जीवाणू त्याच्या तुकड्यांचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात आणि रक्तात पोहोचतात ते प्रामुख्याने हे रेणू. सर्वांच्या आतड्यांतले जीवाणू सारखे नसल्याने एकाच काढ्यातून दोन माणसांच्या रक्तात वेगवेगळी द्रव्ये पोहोचू शकतात. परीक्षानळीत यकृताच्या पेशींवर थेट जेरानिन ओतून मिळालेला परिणाम म्हणूनच माणसाच्या यकृताबद्दल फार थोडे सांगतो.

आता यकृताकडे येऊ. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या यकृतपेशींना कार्बन टेट्राक्लोराइड आणि गॅलॅक्टोसामिन या विषारी द्रव्यांनी इजा करण्यात आली, आणि फायलँथिन व हायपोफायलँथिन यांच्या उपस्थितीत ती इजा कमी झाल्याचे दिसले. अशा प्रकारचे अनेक प्रयोग पुढे प्राण्यांवर झाले. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतात गेले की त्याचे अत्यंत आक्रमक मुक्त मूलकांत रूपांतर होते आणि ती पेशींच्या आवरणातली मेदाम्ले जाळत सुटतात. मुक्त मूलकांना आवर घालणारे, किंवा मुळात ते रूपांतर करणाऱ्या यकृतातल्या विकरालाच अडवणारे, कोणतेही द्रव्य अशा प्रयोगात यकृताचे रक्षण करताना दिसते. पण आपल्याकडच्या बहुसंख्य काविळी या विषाने होत नाहीत, तर दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंनी होतात, आणि तिथे पेशींची हानी मुख्यतः आपलीच प्रतिकारशक्ती विषाणूग्रस्त पेशींवर करत असलेल्या हल्ल्यामुळे घडते. रोगच वेगळ्या मार्गाने येत असताना एका मार्गावरचा पहारा दुसऱ्या मार्गाला उपयोगी पडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

कावीळ हा मुळात रोग नसून लक्षण आहे, हेही इथेच सांगायला हवे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचे असते. ते साठू लागले की डोळे पिवळे होतात. ते साठण्याचे कारण विषाणू असेल, दारू असेल, क्षयरोगाच्या गोळ्या असतील, पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल, किंवा पावसाळ्यात कोकणात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस असेल. यांतल्या हिपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. गावोगावी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवणारे’ लोक आहेत. आधी हाताला चोळलेला आंब्याच्या सालीचा रस चुन्याला लागून पाणी पिवळे होते आणि ते पिवळेपण कावीळ म्हणून दाखवले जाते. डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ अंगावर ‘वाढत’ जाते, कारण ओल्या काड्या सुकून दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. रुग्ण बरा होतो, हे खरेच असते, आणि म्हणून श्रद्धा टिकते. भुईआवळीची बाजू या माळेपेक्षा निश्चितच भक्कम आहे, कारण तिच्यात जैविक परिणाम असलेली द्रव्ये आहेत. पण ‘भुईआवळी घेतली आणि तीन आठवड्यांत कावीळ गेली’ हा अनुभव आणि ‘माळ घातली आणि तीन आठवड्यांत कावीळ गेली’ हा अनुभव पुरावा म्हणून एकाच तोलाचे आहेत. औषध न घेतलेल्यांशी तुलना केल्याखेरीज त्यांतला फरक कळत नाही.

हिपॅटायटिस बी, ज्याला आपल्याकडे पुष्कळदा पांढरी कावीळ म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे आणि भुईआवळीच्या संशोधनाचा सर्वांत रोमहर्षक भाग तिथेच आहे. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. प्रौढपणी लागण झाली तर शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव जण त्याला शरीराबाहेर घालवतात, पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के त्याचे आयुष्यभराचे वाहक होतात, आणि पुढे त्यांच्यापैकी काहींना यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग यांना तोंड द्यावे लागते. वाहकांच्या रक्तात विषाणूच्या आवरणाचे प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, सतत सापडते आणि ते आपोआप नाहीसे होण्याचे प्रमाण वर्षाला शंभरांत साधारण एक इतके कमी असते. हे प्रथिन शोधून काढणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

याच ब्लूमबर्ग यांना भुईआवळीत रस निर्माण झाला. मद्रासच्या एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली परीक्षानळीत भुईआवळीचा अर्क या प्रथिनावर परिणाम करतो असे नोंदवले होते. १९८७ साली व्यंकटेश्वरन, मिलमन आणि ब्लूमबर्ग यांनी अमेरिकेतून प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाण्यातला अर्क विषाणूच्या डीएनए पॉलिमरेज या विकराला अडवतो, म्हणजे विषाणूला आपली नक्कल काढू देत नाही, असे दाखवले. वूडचक हा खारीच्या कुळातला उत्तर अमेरिकी प्राणी अशाच एका विषाणूने आजारी पडतो. नव्याने लागण झालेल्या चार वूडचकांना अर्क पोटाच्या पोकळीत टोचला, तेव्हा त्यांपैकी तिघांच्या रक्तातून विषाणूच्या खुणा तीन ते सहा आठवड्यांत नाहीशा झाल्या.

आणि मग ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यागराजन, ब्लूमबर्ग आणि सहकाऱ्यांचा मद्रासमधल्या वाहकांवरचा अभ्यास आला. २०० मिलिग्रॅम सुक्या भुईआवळीची कॅप्सूल दिवसातून तीन वेळा, तीस दिवस, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला औषध नसलेली कॅप्सूल. उपचार संपल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तपासले, तेव्हा भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून एचबीएसएजी गेले होते, म्हणजे ५९ टक्के. दुसऱ्या गटात हे २३ पैकी एकाच्या बाबतीत घडले होते. वर्षाला एक टक्का जिथे स्वाभाविक, तिथे दोन महिन्यांच्या आत ५९ टक्के! बांधावर फुकट उगवणारा पाला जगातल्या कोट्यवधी वाहकांना मुक्त करणार, अशी आशा त्या आकड्यांनी जागवली आणि ती आशा बाळगणारे लोक भोळे नव्हते.

पण विज्ञानात एक अभ्यास म्हणजे एक साक्षीदार. थायलंडमध्ये लगेचच झालेल्या चाचण्यांत वाहकांवर भुईआवळीचा असा परिणाम दिसला नाही. १९९४ साली न्यूझीलंडमधून आलेल्या अहवालाचा निष्कर्षही तोच होता. मद्रासच्या अभ्यासाकडे मग अधिक बारकाईने पाहिले गेले. त्यात सुरुवातीला ७८ वाहक होते आणि हिशेबात आले ६०. मधले १८ जण परत तपासणीला आले असते तर आकडे कसे दिसले असते, हे कळायला मार्ग नाही. वनस्पतीच्या बाजूनेही प्रश्न होते: जात कोणती, कोणत्या मातीत वाढलेली, कोणत्या महिन्यात उपटलेली, उन्हात सुकवली की सावलीत. पाल्यातली द्रव्ये या सर्वांनुसार बदलतात आणि त्या काळी कॅप्सूलमधल्या फायलँथिनचे किंवा जेरानिनचे प्रमाण ठरवून देण्याची पद्धत रूढ नव्हती. २०११ साली वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने फायलँथस जातींवरच्या १६ चाचण्या आणि १,३२६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. त्यांतली एक सोडून बाकी सर्व चाचण्यांच्या पद्धतीत गंभीर त्रुटी आढळल्या आणि दीर्घकालीन हिपॅटायटिस बीवर भुईआवळी उपयोगी पडते, असा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

मला स्वतःला या इतिहासात फसवणूक दिसत नाही, घाई दिसते. चार प्राणी, साठ माणसे आणि नीट न मोजलेला पाला यांवर इतकी मोठी इमारत उभी राहू शकत नव्हती. त्याचबरोबर पुरावा न मिळणे म्हणजे झाड निरुपयोगी ठरणे, असेही नाही. ओळख पटवलेली अमारस, मोजलेली लिग्नॅने आणि टॅनिने, ठरलेली मात्रा आणि पुरेशी मोठी, आंधळ्या पद्धतीने, म्हणजे खरे औषध कुणाला दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही न कळता, केलेली तुलना एवढे सगळे जुळवून केलेला अभ्यास अजूनही हवा आहे, आणि तो करण्याची जागा हे झाड जिथे मुबलक उगवते तिथेच, म्हणजे आपल्याकडे आहे.

मुतखड्याबाबत थोडक्यात सांगतो. ब्राझीलमध्ये खऱ्या निरुरीला ‘केब्रा पेद्रा’, म्हणजे दगड फोडणारी, म्हणतात. तिथल्या प्रयोगांत तिच्या अर्काने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या पेशींना चिकटून आत शिरण्याचे प्रमाण घटले. म्हणजे तयार खडा फुटत नाही, तर तो रुजण्याची आणि वाढण्याची प्रक्रिया मंदावण्याची शक्यता आहे. आपली भुईआवळी ही निरुरीची बहीण असली तरी निरुरी नव्हे, हे इथेही ध्यानात ठेवावे.

भुईआवळी हा अन्नासारखा निरुपद्रवी पाला आहे, असेही समजू नये. उंदरांवरच्या प्रयोगात अमारसच्या अर्कामुळे मिडाझोलाम या झोपेच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढले, कारण अनेक औषधांचे विघटन करणारे यकृतातले एक विकर या अर्काने अडवले. तेच विकर रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि इतर बरीच औषधे हाताळते, म्हणून नियमित गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हा अर्क सुरू करू नये. गरोदरपणात कावीळ झाली तर एक दिवसही झाडपाल्यात घालवू नये, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत गर्भवतीच्या जिवावर बेतू शकतो. डोळे पिवळे होण्याबरोबर भ्रम, अति झोप, रक्तस्राव किंवा पांढरी शौच दिसली, तर कोणत्याही रुग्णाला थेट रुग्णालयातच न्यावे.

हिपॅटायटिस बीसाठी आज टेनोफोविरसारखी गोळी आहे, जी त्याच पॉलिमरेज विकराला अडवते ज्याला भुईआवळीचा अर्क परीक्षानळीत अडवत होता. फरक इतकाच की तिच्या प्रत्येक गोळीत किती द्रव्य आहे, त्यातले रक्तात किती पोहोचते आणि त्याने विषाणू किती घटतो, हे हजारो रुग्णांवर मोजून झालेले आहे. भारतात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची पहिली लस दिली जाते. घरात कुणी वाहक असेल, तर भुईआवळी द्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी त्या व्यक्तीच्या रक्तातले विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती तपासून घ्यावी, आणि घरातल्या इतरांची एचबीएसएजी चाचणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी.